मसालेवाल्यांचा मदरबोर्ड

कोथिंबिरीसाठी तीन लेखी कोटेशनं मागितल्यावर भाजीवालीने अविनाश गुप्ते यांना जे उत्तर दिलं, ते त्यांच्या फार मनाला लागलं.

"काका," ती म्हणाली होती, "घ्याची तर घ्या, नायतर वारा येऊ द्या."

गुप्ते यांनी तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात एकतीस वर्षं खरेदी विभाग सांभाळला होता. तीन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा कारखान्याने त्यांना शाल, श्रीफळ, एक पाकीट आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्यावर त्यांनी घड्याळ उघडून तपासलं आणि ते किती वाजता पोचलं याची वहीत नोंद केली. एकतीस वर्षांत त्यांच्या सहीशिवाय कारखान्यात झाडूसुद्धा आला नव्हता. आता मात्र त्यांना कुणी वारा येऊ द्या म्हणत होतं.

त्या दिवसापासून ते बाजारात गेले नाहीत. खिडकीत बसून राहायचे. जेवायला हाक मारली की भूक नाही म्हणायचे. रविवारी वालाचं बिरडं केलं तर एक वाटी खाऊन उठले. गुप्त्यांच्या घरात एका वाटीवर बिरडं थांबणं हे आजारपणाचं लक्षण मानलं जाई.

सोमवारी पद्मजाताईंनी रेवाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुझं ते कॉम्प्युटरचं काम बाबांना दे."

"आई! नाही हं."

"एवढं एकच दे. त्यांना काहीतरी खरेदी करायला हवंय गं. काल मला विचारत होते, घरात साबण किती दिवस पुरेल. मी म्हटलं, पुरेल. तर म्हणाले, 'हं, कुणालाच काही नकोय.' मला रात्रभर झोप नाही."

ते कॉम्प्युटरचं काम साधं नव्हतं. खारघरच्या कॉलेजला जाता-येता तिने दोन वर्षं आठवीच्या चार मुलांना बीजगणित शिकवलं होतं. चारपैकी दोघांना अजूनही बीजगणित येत नव्हतं, पण पैसे खरे होते. त्यात वाढदिवसाची पाकिटं घालून साठ हजार झाले होते. एवढ्यात स्वतःच्या हातांनी जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर बसवायचा म्हणून ती सात महिने यादी करत होती. इकडचे पाचशे काढून तिकडे घालायचे, मग तिकडचे काढून परत इकडे. यादीची ही एकोणिसावी आवृत्ती होती. बाकी सगळ्या भागांना उपाशी ठेवून तिने ग्राफिक्स कार्डाला पोटभर जेवू घातलं होतं, कारण गेम चांगला दिसायचा तर सगळी मदार त्याच्यावर. मॉनिटर तर यादीत नव्हताच. मैत्रीण आभाच्या दादाचा जुना मॉनिटर मागून आणून रेवाने चादरीत गुंडाळून पलंगाखाली ठेवला होता.

साठ हजार एकदाच होते. चूक करायला दुसरे साठ नव्हते.

संध्याकाळी ती खिडकीपाशी गेली. "बाबा, मला कॉम्प्युटरचे पार्ट घ्यायचेत. तुम्ही जरा बघाल?"

गुप्ते यांनी यादी हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला.

"स्पेसिफिकेशन आहे. ठीक. कोटेशनं कुठायत?"

"एक दुकान आहे टपाल नाक्याजवळ. परेश म्हणून—"

"एक?" गुप्ते उठून उभे राहिले. त्यांचा आवाज तीन महिन्यांपूर्वीसारखा झाला होता. "एका कोटेशनवर मी कारखान्यात सेफ्टी पिन घेतली नाही. तीन आण. पद्मा, जेवायला काय आहे गं?"

स्वयंपाकघरात झारा खाली पडल्याचा आवाज आला.

*

परेशचं दुकान लांबीला एका रिक्षाएवढं होतं. परेश तिथे पंख्याखाली बसून सर्व प्रकारच्या तरुणांना सर्व प्रकारचे सल्ले देत असे. कोटेशन ही गोष्ट त्याने ऐकली होती, पण दिली कधी नव्हती.

"मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर रेट टाकलाय ना?" तो रेवाला म्हणाला.

"तसं नाही. लेटरहेडवर, शिक्का मारून. आणि तीन हवीत. तीन वेगळ्या दुकानांची."

परेशने विचार केला. "माझं एक. दुसरं आईच्या नावाने देतो. तिचं जीएसटी हाय, शिक्का पण हाय."

"आईंचं कसलं दुकान आहे?"

"शकू मसाले गृहउद्योग."

"परेश!"

"चालतं हो, वरचं नाव कोण वाचतं? तिसरं भावोजींचं. मनस्वी मंडप डेकोरेटर्स."

रेवाला हसू येत होतं आणि रडूही. पण बाबा आज दोन वेळा जेवले होते. "दे," ती म्हणाली. "फक्त तुझा रेट सगळ्यात कमी ठेव. म्हणजे ऑर्डर तुलाच येईल."

परेश हा अतिशय प्रामाणिक मुलगा होता. पुढे जे झालं ते या प्रामाणिकपणामुळेच. तिन्ही कोटेशनांत सारखेच पार्ट लिहिले तर गुप्तेकाकांना संशय येईल, म्हणून त्याने प्रत्येकात वेगळे लिहिले. एकात एका कंपनीचा प्रोसेसर आणि तो ज्यावर बसेल असा मदरबोर्ड, दुसऱ्यात दुसऱ्या कंपनीचा. रॅम कुठे जुन्या पिढीची, कुठे नव्या. एकूण बेरीज त्याच्या स्वतःच्या लेटरहेडवर सगळ्यात कमी ठेवली. रेवाने फक्त बेरजा बघितल्या आणि कागद घरी नेले.

गुप्ते यांनी ते कागद दोन दिवस वाचले.

"मसालेवाल्यांनी मदरबोर्डला बरा रेट दिलाय," ते जेवताना म्हणाले.

रेवाला ठसका लागला. पद्मजाताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि नवऱ्याला आणखी भात वाढला.

"पण एकूण तर परेशचंच कमी आहे ना, बाबा?"

"एकूण बघून ऑर्डर देतात ते हौशी लोक. आपण आयटमवाइज जातो. प्रत्येक वस्तू जिथे स्वस्त तिथून." त्यांनी आखलेला मोठा कागद उलगडला. लाल, निळ्या शाईत तीन रकाने होते आणि प्रत्येक ओळीत एका आकड्याभोवती गोल. "प्रोसेसर आणि रॅम, मनस्वी मंडप. मदरबोर्ड, शकू मसाले. बाकी सगळं परेश. एक हजार आठशे चाळीस रुपये वाचतात."

त्यांनी हे इतक्या अभिमानाने सांगितलं की रेवाने मान डोलावली. शिवाय माल तिन्हीकडून परेशच देणार होता. काही चुकलंच तर तो सांगेल, असं तिने गृहीत धरलं. परेशने गृहीत धरलं की ज्या माणसाने 'अट क्रमांक ९: लेखी परवानगीशिवाय मालात कोणताही बदल केल्यास संपूर्ण माल परत' असं लिहून तीन ऑर्डरी पाठवल्या, त्याला सगळं कळत असणार.

"आणि कॅबिनेट?" रेवाने विचारलं. कॅबिनेट म्हणजे हे सगळं बसवायची पेटी.

"ते सिंगल सोर्स, एकाकडूनच. काशीराम." गुप्ते यांचा चेहरा उजळला. काशीराम तळोज्याजवळच्या गावचा. कारखान्यांना विजेची पॅनेलं बनवून द्यायचा. "मी फोन केला होता. म्हणाला, सायबाच्या पोरीला मी पैसे लावणार नाय."

*

माल आला. मदरबोर्ड द्यायला शकू स्वतः आल्या आणि नमुना म्हणून आगरी मसाल्याची पुडी ठेवून गेल्या. प्रोसेसर मंडपाच्या टेम्पोतून, खुर्च्यांच्या थप्पीवर बसून आला. गुप्ते यांनी प्रत्येक डबा उघडला, आतला माल भिंगातून पाहिला आणि डब्यावर 'तपासले' असा हिरवा गोल स्टिकर लावून सही केली. ते गुणगुणत होते. पद्मजाताई हे सगळं दारातून बघत होत्या. रविवारी काशीराम पेटी आणणार आणि त्याच दिवशी जोडणी, असं ठरलं.

शुक्रवारी दुपारी गुप्ते बाहेर गेले होते. रेवाला धीर धरवेना. तिने हळूच डबे उघडले, सहज लावून बघावं म्हणून.

प्रोसेसरला खालून बारीक पाय होते. शेकडो. मदरबोर्डवर प्रोसेसर बसायच्या जागेतही बारीक पाय होते. शेकडो. दोघंही उभेच. बसायला कुणी कुणाला जागा देत नव्हतं. रॅम लावून पाहिली, तर तिची खाच एकीकडे आणि मदरबोर्डची दुसरीकडे.

ती जमिनीवर बसली. "आई."

पद्मजाताई आल्या. रेवाने सांगितलं. त्यांना सगळं कळलं नाही, पण जेवढं लागतं तेवढं कळलं.

"म्हणजे ह्यांनी चुकीचं आणलं?"

"त्यांनी नाही गं, मीच. मी ती कोटेशनं खोटी आणली, आणि वाचलीही नाहीत. बाबांनी त्यांच्या नियमाने बरोबरच केलं."

"त्यांना सांगणार आहेस?"

रेवाने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत टेबलावर फाइल होती. वर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'विषय: चि. रेवाचा संगणक.'

"नको सांगूस," पद्मजाताई म्हणाल्या. "आत्ता कुठे माणूस तीन वाट्यांवर आलाय."

शनिवारी सकाळी रेवा मदरबोर्ड घेऊन परेशकडे गेली. तेवढा एकच बदलला तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही जुळत होते.

"माहीत असूनही दिलास तू?"

"मला वाटलं तुम्ही तीन कॉम्प्युटर करताय. एकेक पार्ट गोळा करून," परेश म्हणाला. "आणि ती नऊ नंबरची अट, ती वाचून मला घाम आला ओ."

"बदलून दे. आणि बाबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. शपथ?"

परेश जरा घुटमळला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मग मिटलं. "शपथ," तो म्हणाला.

रेवा नवा डबा घेऊन घरी आली. जुन्या डब्याचा हिरवा स्टिकर पद्मजाताईंनी सकाळीच इडलीच्या वाफेवर अलगद सोडवून घेतला होता, तो त्यांनी नव्या डब्यावर चिकटवला. तो किंचित वाकडा बसला. इडल्याही झाल्या.

*

रविवारी सकाळी अकरा वाजता काशीरामची पेटी आली. ती आणायला लिफ्टमध्ये काशीराम, त्याचे दोन कामगार आणि पेटी असे चौघं एका वेळी मावेनात, म्हणून पेटी एकटी वर आली.

साधारणपणे कॉम्प्युटरचं कॅबिनेट चार-पाच किलोचं असतं. हे चौतीस किलोचं होतं. रंग पॅनेलचा राखाडी. दाराला कुलूप आणि किल्ली. मागे अर्थिंगचा बोल्ट. आत प्रत्येक भोक जागच्या जागी, कारण गुप्ते यांनी मापं काढून आराखडा दिला होता. दारावर पिवळ्या त्रिकोणात कवटी होती आणि खाली लिहिलं होतं: 'धोका. ४४० व्होल्ट.'

"ती कवटी कशाला, काशीरामकाका?" रेवाने विचारलं.

"कवटीबिगर पॅनेल आमी देत नाय, पोरी," काशीराम घाम पुसत म्हणाला. "सायेब बोल्ले पत्रा दोन एमएमचा टाक. मी तीनचा टाकला. तुज्या लग्नात आंदण द्यावा लागला तरी घासून नवा दिसंल. आन बापूस तुजा बोल्ला, पोरीला रंगीत लायटी पायजेत. म्हून वर बघ."

वर तीन दिवे होते: लाल, पिवळा, निळा. कारखान्यात वीज तिन्ही तारांतून येते आहे की नाही हे दाखवायला असतात ते.

रेवाने सात महिने इंटरनेटवर काचेची, इंद्रधनुष्यासारखी चमकणारी कॅबिनेटं पाहिली होती. तिने आता या पेटीकडे पाहिलं. पेटीच्या बाजूला पत्र्याची छोटी पाटी रिव्हेट करून बसवली होती. 'बनवणार: काशीराम. तपासणार: अ. वि. गुप्ते. वापरणार: रेवा.'

"मस्त आहे," ती म्हणाली, आणि तिला आश्चर्य वाटलं की ती खोटं बोलत नव्हती.

"चला, जोडणी," गुप्ते म्हणाले. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशाला पेन. त्यांच्या चेहऱ्यावर एक गूढ समाधान होतं. तसंच समाधान रेवाच्या चेहऱ्यावरही होतं. पद्मजाताई देवापाशी दिवा लावून आल्या.

रेवाने मदरबोर्डचा डबा उघडला. गुप्ते यांनी प्रोसेसरचा डबा उघडला आणि प्रोसेसर तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरला.

रेवाने तो उलटा करून पाहिला. त्याला पाय नव्हते. एकही नाही. खालून तो सपाट होता, आरशासारखा.

तिने मदरबोर्डकडे पाहिलं. त्यालाही आता पाय नव्हते. नुसती भोकं.

"बाबा, हा प्रोसेसर..."

"हा मदरबोर्ड..." गुप्ते त्याच वेळी म्हणाले. त्यांनी डब्यावरचा स्टिकर पाहिला. बोट फिरवलं. "हा वाकडा कसा? मी वाकडा लावत नाही."

काशीरामने चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"मी गुरुवारी मदरबोर्डची माहितीपुस्तिका वाचली," गुप्ते शेवटी म्हणाले. ते जमिनीकडे बघत होते. "पान अकरावर लिहिलंय, कुठले प्रोसेसर चालतात. आपला त्यात नव्हता. माझी चूक झाली होती, रेवा. एकतीस वर्षांत... म्हणजे, तुझे पैसे होते ते. दोन वर्षांचे. शुक्रवारी सकाळी जाऊन प्रोसेसर आणि रॅम बदलायला सांगितलं. काल संध्याकाळी मिळालं आणि डब्यात ठेवून दिलं. तुला सांगायचा धीर झाला नाही."

"आणि मी काल सकाळी मदरबोर्ड बदलून आणला," रेवा म्हणाली.

"का?"

"तुम्हाला कळू नये म्हणून."

पद्मजाताई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे आधी दोघांनाही पाय होते," त्या म्हणाल्या, "आणि आता दोघांनाही नाहीत."

रेवाने परेशला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "परेश, तू दोघांनाही बदलून दिलंस?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोललात बाबांना सांगू नको. बाबा आदल्या दिवशी बोलले होते रेवाला सांगू नको. दोघांनी शपथ घातली," परेशचा आवाज रडवेला झाला होता. "मी तेव्हापासून जेवलो नाय नीट."

मागून शकूंचा आवाज आला: "मेल्या, मंग मला तरी सांगाचा होता! माजे मसाल्याचा नाव खराब!"

*

स्कूटरवर बाप-लेक टपाल नाक्याकडे निघाले. रेवा चालवत होती. मागे गुप्ते मदरबोर्डचा डबा बाळासारखा धरून बसले होते. वडाळे तळ्यापाशी सिग्नलला थांबल्यावर रेवा पुढे बघतच म्हणाली,

"बाबा, अजून एक सांगायचंय. ती तीन कोटेशनं... एकाच दुकानाची होती."

"हं."

"मी मागून घेतली होती. खोटी."

"रेवा," मागून आवाज आला, "मसालेवाले मदरबोर्ड विकतात असं मला वाटलं असेल असं तुला वाटलं?"

तिने मान वळवली.

"तिन्हींत 'ग्राफिक्स'चं स्पेलिंग सारखंच चुकलंय. मंडपवाल्याने तर खाली छापील ओळ तशीच ठेवलीय, 'शुभकार्यास खुर्च्या मिळतील.' एकतीस वर्षं मला सगळ्यांनी अशीच तीन-तीन आणून दिली. एकाच टेबलावर बसून लिहिलेली. नियम असतो, फाइलला तीन लागतात. मी सही करायचो."

"मग घरच्यांवर का केलीत सही? इथे तर नियमही नव्हता."

गुप्ते यांनी डबा मांडीवर सावरला. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.

"ते सगळे ऑर्डर मिळावी म्हणून आणायचे," ते म्हणाले. "मला काम मिळावं म्हणून कुणी पहिल्यांदाच आणली."

मागचा रिक्षावाला आता हॉर्नवरचं बोट काढायचं नाव घेईना. रेवाला रस्ता धूसर दिसत होता, म्हणून ती जरा वेळ थांबली.

दुकानात मसालेवाल्यांचा मूळ मदरबोर्ड अजून होता. त्याला गुप्ते यांनी आणलेला प्रोसेसर जुळला. वरचे पैसे त्यांनी शुक्रवारीच भरले होते, निवृत्तीच्या पाकिटातून. ग्राफिक्स कार्डाच्या ताटातला घास कुणी काढला नव्हता. परेशने दोघांची माफी मागितली. शकूंनी त्याला तिथेच, गिऱ्हाइकासमोर, जेवायला बसवलं.

दुपारी चार वाजता सगळं राखाडी पेटीत बसलं. शेवटचा स्क्रू काशीरामने आवळला, इतका की तो आता सरकारी परवानगीशिवाय निघणार नव्हता. गुप्ते यांनी दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली रेवाच्या हातात दिली. "दाब."

तिने बटण दाबलं. पंखा फिरला. लाल दिवा लागला, मग पिवळा, मग निळा. काशीरामने टाळ्या वाजवल्या. पद्मजाताईंनी कवटीला हळदकुंकू लावलं. गुप्ते पेटीकडे बघत राहिले. तीन महिन्यांत रेवाने त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

मग ते टेबलापाशी गेले, फाइल उघडली आणि शेवटच्या पानावर लिहायला पेन काढलं. 'काम पूर्ण.' 'का' लिहून झाला. त्यांचे खांदे थोडे खाली आले. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं.

रेवाने पलंगाच्या कडेला उभं राहून हळूच पाय मागे नेला आणि चादरीत गुंडाळलेली ती वस्तू आणखी आत, भिंतीपर्यंत सरकवली. पद्मजाताईंनी ते पाहिलं आणि त्या लगबगीने पलंगावरची चादर खालपर्यंत ओढू लागल्या.

"बाबा," रेवा म्हणाली, "मॉनिटर राहिला."

"काय?"

"यादीत मॉनिटरच नाही. विसरलेच मी. त्याच्याशिवाय काही दिसणार नाही. पैसे साठवायला दोनेक महिने लागतील."

गुप्ते यांनी लिहिलेला 'का' खोडला. कपाटातून नवी कोरी फाइल काढली, झटकली, आणि चष्मा वर केला.

"दोन महिने प्रक्रियेलाच लागतात," ते म्हणाले. "पद्मा, काही खायला आहे का गं? रेवा, तीन कोटेशनं आण."

"आणते," रेवा म्हणाली. "एक मसालेवाल्यांचं चालेल ना?"

"त्यांचे रेट," गुप्ते विषय लिहिता लिहिता म्हणाले, "चांगले असतात."